‘परत कधी?’चा रकाना असलेला क्लब

सांगलीत विश्रामबागला माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. कॉलेजची पोरं येतात, वकील येतात, बचत गटाच्या बायका येतात आणि शहरातली मंडळं, संस्था, रोटरी-लायन्ससारखे सेवा क्लब तर झाडून सगळे येतात. पदग्रहणाच्या पत्रिका, पावती पुस्तकं, शिबिरांची पत्रकं, सन्मानपत्रं हे सगळं माझ्याच कॉम्प्युटरवर तयार होतं. कुठला क्लब वर्षभरात काय करणार हे त्यांच्या निम्म्या सभासदांच्या आधी मला कळतं. त्यातल्याच एका क्लबची मी चार वर्षांपासून सभासद आहे. ओळखीच्या बायका विचारतात, ‘एवढे पैसे भरून तिथं मिळतं काय गं?’ त्यांना दुकानात उभ्याउभ्या सांगून होत नाही, म्हणून एकदाच नीट लिहितेय. क्लबचं नाव टाकत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारीही लिहिणार आहे. त्या सगळ्या मी बैठकीत तोंडावर सांगितलेल्या आहेत, तरी नावासकट जाहीर करणं मला बरं वाटत नाही.

माझा आणि या क्लबचा संबंध आला तो ऑगस्ट २०१९ च्या महापुरात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. आमचा भाग उंचावर असल्यामुळे दुकान वाचलं. पाणी उतरलं आणि दुकानापुढं रांग लागली ती भिजलेल्या कागदांची. सातबारा, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, पोराचा शाळेचा दाखला. सगळं एका कॅरीबॅगमध्ये, आणि त्या कॅरीबॅगमधून गाळ ठिबकायचा. रेशनकार्डाची पानं एकमेकांना इतकी चिकटलेली असायची की ओढली तर फाटणार. मी जुन्या पोस्टकार्डाची कड आत सारून एकेक पान सोडवायचे, वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत ठेवायचे आणि पंख्याखाली वाळवून मगच मशीनवर घ्यायचे. एका कार्डाला अर्धा तास लागायचा. लोक निमूट बसून राहायचे, कारण पंचनाम्याला तोच कागद हवा होता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी या क्लबचे दोघे आले. म्हणाले, “ताई, पूरग्रस्तांकडून पैसे घेऊ नका. वहीत लिहून ठेवा, आम्ही देतो.” असं म्हणणारे त्या दिवसांत पुष्कळ होते आणि सगळ्यांचंच मन खरं होतं. पण हे दोघे तीन आठवड्यांनी पुन्हा आले. बिल चुकतं केलं आणि माझी वही मागितली. त्यातली नावं उतरवून घेतली आणि कुणाचा पंचनामा झाला, कुणाचा राहिला हे विचारत गल्लोगल्ली फिरले. दत्तनगरमधल्या एका म्हाताऱ्या जोडप्याचं नाव पंचनाम्याच्या यादीत नव्हतंच, ते त्यांना या वहीमुळे सापडलं. मला तेव्हाच वाटलं, ही माणसं निराळी आहेत.

त्या महापुरात साऱ्या महाराष्ट्रातून सांगलीला ट्रकच्या ट्रक आले. ते ऋण आम्ही विसरलेलो नाही. पण चौकाचौकात जुन्या कपड्यांचे ढीग पडले, त्यावर पाऊस पडला आणि तेही गाळातच गेले. त्या वेळी घराघरात हवे होते खराटे, फावडी, फिनेल, सॅनिटरी पॅड, कोरडी चूल आणि तापावरच्या गोळ्या. देणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. कुणाला काय लागतंय हे विचारायला कुणी गेलंच नव्हतं.

सभासद व्हायला मला पुढं काही वर्षं लागली. माझ्या मनात होतं, क्लब म्हणजे डॉक्टर, बिल्डर, मोठ्या दुकानदारांचा. झेरॉक्सवालीचं तिथं काय काम? ही भीती निम्मी खरी निघाली आणि निम्मी खोटी.

आता कामाची पद्धत सांगते, कारण या क्लबची खरी किंमत तिथंच आहे. रोटरी असो नाहीतर लायन्स, असल्या क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार दरवर्षी नवे. कुणी खुर्चीला चिकटत नाही हा याचा मोठा गुण. तोटा असा की नव्या अध्यक्षांना आपल्या वर्षाचं काहीतरी नवं हवं असतं आणि जुनं चांगलं काम मध्येच सुटतं. सांगलीत तर आणखी पंचाईत आहे. जुलैमध्ये पदग्रहणाचे हारतुरे सुरू असतात, तिकडं कोयनेचं पाणी वाढत असतं. नवे पदाधिकारी एकमेकांचे फोन नंबर सेव्ह करतायत तोवर नदी पात्राबाहेर.

म्हणून आमच्या क्लबची नियोजनाची बैठक मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी होते आणि तिला जुने-नवे दोन्ही पदाधिकारी हजर असावेच लागतात. जागा म्हणजे एका सभासदाच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं ऑफिस. सकाळी नऊला सुरू होते ती दीड-दोनपर्यंत चालते. मध्ये चहा आणि भडंग, बाकी काही नाही. प्रत्येकाच्या हातात एक छापील फॉर्म असतो. तो मीच काढते, लीगल साइजवर, आडवा. चार रकाने आहेत. काय करायचं, कोण करणार, खर्च किती, आणि शेवटचा ‘परत कधी?’, म्हणजे काम झाल्यावर त्याच माणसांच्या दारात पुन्हा कधी जायचं. चौथा रकाना रिकामा असेल तर तो उपक्रम मंजूर होत नाही. किती का मोठा देणगीदार असेना.

हा रकाना आणला मिरजेच्या एका काकांनी. रेल्वेतून निवृत्त झालेले, आता ऐंशीच्या घरात आहेत. पल्स पोलिओ १९९५ मध्ये देशात सुरू झालं तेव्हापासून ते बूथवर बसायचे. रोटरीने जगभर पोलिओचं काम १९८५ मध्ये हाती घेतलं होतं, त्याचं त्यांना फार अप्रूप. ते सांगतात, रविवारी बूथ, सोमवारपासून घरोघर. पोराच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण दिसली की पुढं जायचं. पोर राहिलं असेल तर दारावर खडूनं ‘एक्स’, झालं असेल तर ‘पी’. “एक्सचा पी होईस्तोवर त्या घराचा पिच्छा सोडायचा नाही,” असं काका म्हणतात. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्या दिवशी काकांनी घरी पेढे वाटले होते. एवढा मोठा रोग खडूच्या खुणांनी हटवलेल्या माणसाला ‘शिबिर यशस्वीरीत्या पार पडले’ एवढ्यावर कोण गप्प बसवणार?

मोतीबिंदूचं शिबिर हा माझा जिव्हाळ्याचा विषय, कारण माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा मला थेंबांची भानगड कळली. ऑपरेशन वीस मिनिटांत होतं. खरं काम पुढचे पाच-सहा आठवडे असतं. एका बाटलीतलं औषध दुधासारखं पांढरं, ते खाली बसतं, म्हणून दर वेळी हलवूनच घालायचं. दुसरं पाण्यासारखं. दोन्हींत पाच मिनिटांचं अंतर. पांढरं औषध पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार, असं उतरत जातं. शिकलेल्या माझाच गोंधळ उडायचा. मग मी सासूबाईंसाठी एक तक्ता केला. सूर्य उगवताना, डोक्यावर, मावळताना आणि चंद्र अशी चित्रं, त्यांच्या मध्ये गोल. थेंब घातला की गोलात टिंब. पांढऱ्या औषधाच्या बाटलीला लाल टिकली चिकटवली, दुसरीला हिरवी.

तो तक्ता मी बैठकीत दाखवला आणि तेव्हापासून क्लबच्या प्रत्येक रुग्णाला मिळतो. आठवड्याला एक पान, सहा पानं पिन मारून. शिबिर मिरज तालुक्याच्या पूर्व भागात होतं, ऑपरेशनं एका धर्मादाय दवाखान्यात फुकट होतात. ‘परत कधी?’मध्ये दोन तारखा ठरलेल्या. ऑपरेशननंतरचा पहिला रविवार आणि सहावा रविवार. सकाळी सातला दोन गाड्या निघतात. बरोबर दवाखान्याची सिस्टर असते.

पहिल्याच फेरीत मला जे दिसलं ते सांगते. एक आजोबा कट्ट्यावर बसलेले, डोळ्याला काळा चष्मा. थेंब कुठायत म्हटलं तर उशाखालून बाटली काढली, जवळजवळ भरलेली. “दुपारचं कोण घालणार बाई? सून बागेत, ल्योक बागेत. छाटणी चालू हाय.” बरोबरच होतं. ऑक्टोबरची द्राक्षांची फळछाटणी म्हणजे घरात माणूस सापडत नाही. आपण शिबिराची तारीख आपल्या सोयीनं धरली होती, बागेचं वेळापत्रक बघितलंच नव्हतं. तेवढ्यात चौथीतला नातू पुढं आला. सिस्टरनं त्याला साबणानं हात धुवायला लावले, आजोबांची खालची पापणी हलकेच ओढून थेंब कसा सोडायचा, बाटलीचं टोक डोळ्याला कसं लागू द्यायचं नाही हे तीनदा करून घेतलं. सहाव्या रविवारी गेलो तर त्या पोरानं सहाच्या सहा पानं टिंबांनी भरून ठेवलेली. एक टिंब लाल पेनानं होतं. का, तर त्या दिवशी शाळेतून यायला उशीर झाला होता. आजोबांनी मला ओळखलं नाही, कारण मला त्यांनी नीट पाहिलेलंच नव्हतं. माझ्या साडीचा रंग मात्र त्यांनी बरोबर सांगितला.

तेव्हापासून शिबिराच्या तारखा गावातल्या लोकांना विचारून धरतो. एप्रिलची खरडछाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, दोन्ही टाळून.

रक्तदानाचंही तसंच. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, पुढाऱ्यांचे वाढदिवस, या दिवशी गावात चार-चार शिबिरं. रक्तपेढीत रक्त मावत नाही. तांबड्या पेशी साध्या पिशवीत ३५ दिवस टिकतात, विशेष द्रावणात ४२, आणि प्लेटलेट्स फक्त ५ दिवस. शिवाय एकदा रक्त दिलं की पुरुषाला ९० दिवस आणि बाईला १२० दिवस पुन्हा देता येत नाही. म्हणजे एकाच दिवशी सगळ्यांनी दिलं तर पुढचे तीन महिने तेच सगळे दाते बाद. मे महिन्यात कॉलेजला सुट्टी, लोक गावाला गेलेले, आणि मिरज तर दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातूनही पेशंट येतात. नातेवाईक पिशवीसाठी वणवण फिरतात. आमचा क्लब म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात शिबिर घेतो आणि दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर दुसरं.

यातही चुका झाल्या. पहिल्या वर्षी कुपवाड एमआयडीसीत सकाळी सातला शिबिर ठेवलं. रात्रपाळी सुटेल, कामगार जाता जाता रक्त देऊन जातील असा हिशोब. रक्तपेढीच्या डॉक्टरांनी निम्म्यांना परत पाठवलं. रात्रभर जागलेल्या माणसाचं रक्त घेत नाहीत हे आमच्यापैकी कुणी आधी विचारलंच नव्हतं. माणसं हिरमुसली. एक जण म्हणाला, “फुकट थांबवलं की वो आम्हाला.” मला फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी सुट्टीच्या दिवशी घेतलं आणि आठवडाभर आधी पत्रक वाटलं. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, पोटभर न्याहारी आणि रात्रीची झोप, असं साध्या भाषेत, मोठ्या अक्षरात. बायकांना हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवावं लागतं, त्यांची वेगळी यादी होते आणि ‘परत कधी?’मध्ये तीन महिन्यांनंतरची तपासणी लिहिली जाते. एखादी बाई रक्त द्यायला येते आणि आपल्यालाच रक्त कमी आहे हे तिला पहिल्यांदा तिथं कळतं. तिला नुसतं ‘पुढच्या वेळी या’ म्हणून पाठवणं मला पटत नाही. क्लबनं हे ऐकलं याचं मला समाधान आहे.

क्लब पावसाळ्याच्या तोंडावर करतो त्या पुराच्या यादीचं थोडक्यात सांगते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्ता या सखल भागांत सभासद फिरतात. अंथरुणाला खिळलेलं माणूस, दिवस भरत आलेली बाई, डायलिसिसचा पेशंट, एकटं राहणारं म्हातारं, एवढ्याच घरांची नोंद. इशारा पातळी यायच्या आधीच या गल्ल्यांत पाणी येतं, म्हणून ४० फुटांची वाट बघायची नाही असं ठरलेलं आहे. त्याच फेरीत मी कागदपत्रांच्या प्रती काढून जाड प्लास्टिकच्या पाकिटात घालून देते. ती पाकिटं मी क्लबला मूळ किमतीत देते, एक रुपया वर लावत नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा एवढी तयारी कुणाचीच नव्हती, ती त्यानंतर उभी राहिली.

आता तक्रारी.

एका वर्षी नव्या पदाधिकाऱ्यांनी शिलाई मशीन वाटपाचा मोठा कार्यक्रम केला. मंडप, पाहुणे, शाली, श्रीफळं, दहा बायकांना दहा मशीनं. त्या वर्षी चौथा रकाना गुंडाळून ठेवला होता, ‘मशीन दिल्यावर परत जाऊन काय बघायचंय?’ म्हणून. मी आणि आणखी एक ताई चार महिन्यांनी आपापल्या गाडीनं गेलो. दहापैकी तीन मशीनं चालू होती. एका घरात मशीनवर गोधड्यांची चळत, पायट्याला दोरी बांधून कपडे वाळत घातलेले. बाई ओशाळली. म्हणाली, “मशीन हाय ताई, पण मला सरळ शिवणीपलीकडं येत न्हाई. गिऱ्हाईक कुठनं आणू?” चूक तिची नव्हती. मशीनचा पट्टा सैल झाला तर कुठं न्यायचं हेसुद्धा तिला कुणी सांगितलं नव्हतं. हे मी बैठकीत मांडलं तेव्हा काही जण माझ्यावर नाराज झाले. पण पुढच्या मेमध्ये ठरलं की आधी दोन महिने खणभागातल्या एका टेलरबाईंकडे पिको-फॉल आणि ब्लाउजचं शिक्षण, मग मशीन. त्या जुन्या सात जणींनाही बोलावलं. पाच आल्या.

दुसरी तक्रार पैशांची. वर्गणी वर्षाला ६ हजार, शिवाय जेवणाच्या बैठकींचा खर्च वेगळा. माझ्यासारखीला हे जड जातं. मला दोन हप्त्यांत भरू दिली हे खरं, पण ही सवलत मागावी लागते आणि मागायला संकोच वाटतो. रिक्षावाले, नर्स, अंगणवाडीच्या ताई या क्लबमध्ये नाहीत, त्या असायला हव्यात. त्यांच्याइतकी गल्ली कुणाला माहीत आहे? कमी वर्गणीचा वेगळा गट करा, असं मी दोन वर्षं सांगतेय. अजून झालेलं नाही.

तिसरी वेळेची. बैठका रात्री साडेआठला असायच्या आणि सुरू व्हायच्या सव्वानऊला. बायकांनी घरचं आवरून यायचं आणि अकरा वाजता एकटीनं परत जायचं. आम्ही तिघींनी लेखी अर्ज दिला. आता महिन्यातली एक बैठक संध्याकाळी साडेसहाला होते. दुसरी अजून रात्रीच आहे. शाल-श्रीफळ आणि फ्लेक्सवरचा खर्चही माझ्या मते निम्मा करता येईल. छपाईच्या धंद्यातली बाई हे सांगतेय, माझंच गिऱ्हाईक कमी होणार आहे, तरी सांगतेय.

नाव छापून यावं, ओळखी व्हाव्यात, धंदा वाढावा यासाठी यायचं असेल तर शहरात दुसरे क्लब आहेत. माझा धंदा इथं आल्यामुळे वाढलेला नाही. रविवारची सकाळ देता येत असेल, माणसाच्या दारात दुसऱ्यांदा जायची लाज वाटत नसेल, तर जरूर या. सभासद न होता पाहुणे म्हणून तीन-चार बैठकींना बसता येतं, मीही तसंच केलं होतं. आणि मेमधली नियोजनाची बैठक चुकवू नका, क्लब कसा आहे ते त्या एका सकाळीच कळतं.

येत्या मेच्या फॉर्ममध्ये मी माझ्या नावावर एक उपक्रम टाकलाय. गेल्या तीन वर्षांत एका डोळ्याचं ऑपरेशन झालेले आणि दुसऱ्या डोळ्याचं राहिलेले सगळे रुग्ण शोधायचे. जुन्या तक्त्यांची पानं मी टाकून दिलेली नाहीत, दुकानात वरच्या फळीवर तीन खोकी भरून आहेत. त्यावरची नावं रोज संध्याकाळी अर्धा तास उतरवतेय. कुणाला हात लावायचा असेल तर सातनंतर दुकानात या, पेन आणि स्टूल दोन्ही आहे.